प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश: मजकुराआधी काय ठेवावं?

पायरीवाट: तालुक्यातल्या बारवांवरचं (पायऱ्यांच्या विहिरींवरचं) पुस्तक आहे. डेमी आकार, मूळ मजकूर १७६ पानं. त्याआधी अर्धशीर्षक (फक्त पुस्तकाचं नाव असलेलं पान) ते अनुक्रमणिका ८, शुभेच्छा संदेश ४, एका अभ्यासकांची प्रस्तावना १४ (त्यातली १० पानं बारवांच्या प्रकारांवर), मनोगत ६, ऋणनिर्देश ४. एकूण ३६. काय ठेवू आणि क्रम कसा लावू?

मुद्रितशोधक: आधी फॉर्मचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याचा हिशेब. १७६ अधिक ३६ म्हणजे २१२. सोळा पानी १३ फॉर्म भरून चार पानं लोंबकळतात, त्यांच्यासाठी पाव फॉर्म वेगळा छापावा लागेल.

शुभेच्छा संदेश काढाच. बारवेबद्दल त्यातून वाचकाला काहीच मिळत नाही.

प्रस्तावनेला एक कसोटी लावा: ही पानं वगळली तर पुढचं प्रकरण कळतं का? एका प्रवेशाची नंदा, दोनची भद्रा, तीनची जया, चारची विजया हे माहीत नसेल, तर तुमची वर्णनं अडणारच. मग ती १० पानं प्रस्तावना नव्हेत, तो विषयप्रवेश आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्या अभ्यासकांची संमती घेऊन, त्यांच्याच नावानं ते पहिलं प्रकरण करा. प्रस्तावना चार पानांची उरेल, तेवढी पुरे. पुष्कळ लोक प्रस्तावना उलटून पुढे जातात, म्हणून गरजेची माहिती तिथे अडकवू नये.

खिळेजुळारी: सहमत. क्रम असा लावा: १ अर्धशीर्षक, २ कोरं, ३ शीर्षकपान, ४ श्रेयपान (आयएसबीएन इथेच), ५ अर्पणपत्रिका, ६ कोरं, ७-८ अनुक्रमणिका, ९-१२ प्रस्तावना, १३-१५ मनोगत, १६ नकाशा. नकाशा डावीकडे आणि समोर पहिलं प्रकरण, म्हणजे गाव शोधायला पानं चाळावी लागत नाहीत.

या सोळा पानांना 'एक, दोन, तीन' असे अक्षरी क्रमांक द्या, मजकूर १ पासून. प्रस्तावना हमखास उशिरा येते आणि ठरल्यापेक्षा लांबते. सलग आकडे असले तर स्थळसूचीतला प्रत्येक पृष्ठांक बदलावा लागतो.

प्रस्तावनेतली १० पानं धरून मजकूर १८६ झाला. आता १६ अधिक १८६ म्हणजे २०२. तेरा फॉर्मांत ६ पानं शिल्लक राहतात: दोन ऋणनिर्देशाला, चार स्थळसूचीला, दोन्ही शेवटी.

पायरीवाट: मनोगत तीन पानांत बसवायचं तर त्यात काय ठेवू?

मुद्रितशोधक: पाहणी कोणत्या काळात केली, मापं कशी घेतली (पायऱ्या काठापासून मोजल्या की पाण्यापासून?), गावांची नावं कुठल्या लेखनानं दिली, कोणत्या बारवा वगळल्या आणि का. पाणी उन्हाळ्यात उतरतं, त्यामुळे महिना न दिल्यास पायऱ्यांचा आकडा पडताळताच येत नाही. विषयाची थोरवी इथे सांगत बसू नका.

खिळेजुळारी: प्रस्तावना जुन्या फॉन्टात टाइप केलेली आली, तर युनिकोडमध्ये बदलल्यावर 'ऱ्या', 'ऱ्ह' आणि रफार आधी तपासा. जोडाक्षरं तिथेच फुटतात.