जॅझमधील स्त्रियांची नोंद लिंक्ड डेटात कशी करावी?

प्रश्न (ग्रंथालय सहायक, सोलापूर): आमच्या महाविद्यालयातील जुन्या ध्वनिमुद्रिकांची सूची करताना जॅझ पियानोवादक लिल हार्डिन कुठे 'हार्डिन', तर कुठे 'आर्मस्ट्राँग' या नावाने सापडतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी एवढीच उरते. वास्तविक लुई यांच्या 'हॉट फाइव्ह' या वाद्यवृंदाच्या १९२५च्या ध्वनिमुद्रणांत पियानो त्यांचाच होता. लिंक्ड डेटात, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या छोट्या विधानांच्या स्वरूपातील माहितीत, ही नोंद न्याय्य कशी करावी?

उत्तर १: विकिडेटा या खुल्या लिंक्ड डेटा संग्रहात व्यक्तीला एकच क्रमांक मिळतो आणि तिची सर्व नावे त्याच क्रमांकाला जोडली जातात, त्यामुळे विवाहानंतर नाव बदलले तरी काम दोन ठिकाणी विखुरत नाही. 'व्यक्ती, वाद्य, पियानो' अशी स्वतंत्र विधाने करावीत. १९२४चा विवाह हे त्यांपैकी केवळ एक विधान असावे.

उत्तर २: वाद्यापाशी थांबू नये, ही माझी आग्रहाची विनंती. मेल्बा लिस्टन ट्रॉम्बोन वाजवत, परंतु पियानोवादक रँडी वेस्टन यांच्या संगीतासाठी त्यांनी केलेले वाद्यवृंद संयोजन (कोणत्या वाद्याने काय वाजवायचे याची आखणी) नोंदवले नाही, तर त्यांचे अर्धे कर्तृत्वच गळून पडते. न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधील 'लिंक्ड जॅझ' प्रकल्पाने कलावंतांच्या मुलाखतींच्या लिखित प्रतींमधून कोण कोणाला ओळखत होते, याचे दुवे तयार केले. प्रत्येक विधानाला संदर्भ मात्र जोडावाच.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. प्रत्येक ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील श्रेयनामावली आता मी पुन्हा वाचते आणि संयोजकाचा वेगळा रकाना उद्यापासून सुरू करते.