अनुभव धागा : घरच्या-दुकानच्या हिशेबातला 'क्ष'

इंदूरकरांनो, समीकरण मांडून सुटणारे पैशाचे हिशेब इथे लिहा. आकडे पूर्ण द्या आणि लोक नेमके कुठे घसरतात तेही लिहा.

सराफा गल्ली

बजेट ठरलेलं असेल तर वजन उलटं काढायचं. हातात 1,00,000 रुपये, 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 9,000 धरू (आजचा भाव तुम्ही घाला), घडणावळ 12 टक्के, वर जीएसटी 3 टक्के. वजन क्ष ग्रॅम.

क्ष × 9,000 × 1.12 × 1.03 = 1,00,000
क्ष = 9.63

बहुतेक जण 12 आणि 3 मिळवून लाखातून 15 टक्के वजा करतात, उरलेल्या 85,000 ला 9,000 ने भागून 9.44 ग्रॅमवर थांबतात. टक्के सोन्याच्या किमतीवर लागतात, लाखावर नाही. म्हणून इथे वजाबाकी नव्हे, भागाकार. खड्यांचा दागिना असेल तर क्ष म्हणजे निव्वळ सोनं; बिलावर एकूण आणि निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. हॉलमार्कचं शुल्क नगावर असतं, ते लाखातून आधीच बाजूला काढा.

सियागंजवाले काका

5 किलो मिक्स नमकीन. साधी सेव 180 रुपये किलो, मेव्याचं मिश्रण 300 रुपये किलो. खरेदी किलोला 228 पडायला हवी, म्हणजे एकूण 1,140. मेव्याचं मिश्रण क्ष किलो:

300क्ष + 180(5 − क्ष) = 1,140
120क्ष = 240, क्ष = 2

दोन किलो ते, तीन किलो सेव. कंस विसरलात तर उत्तर 800 ग्रॅम येतं आणि गिऱ्हाईक काजू शोधत बसतं.

आता विक्रीभाव. शंभरातले 5 टक्के चुरी होऊन जातात, तेव्हा खरी खरेदी 228 ÷ 0.95 = 240. विक्रीवर 20 टक्के सुटायला हवेत तर 240 ÷ 0.80 = 300. नवखा माणूस 228 वर 20 टक्के चढवून 273.60 ला विकतो. चुरी वजा जाता त्याला विक्रीवर जेमतेम 12 टक्के उरतात आणि तो दोष मालाला देतो.

शिकवणीवाली ताई

काका म्हणतात तेच बिलालाही लागू. 18 टक्के करासकट 1,180 असतील तर मूळ किंमत 1,180 ÷ 1.18 = 1,000. 1,180 चे 18 टक्के वजा केले तर 967.60 येतात, ते चूक. पोरांना एकच सांगते, उत्तर समीकरणात परत घालून बघा.

कर्जखातं

'फक्त 10 टक्के फ्लॅट' ऐकलं की कागद काढा. 1,00,000, दोन वर्षं. व्याज 20,000, हप्ता 1,20,000 ÷ 24 = 5,000. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावरच लागतं. घटत्या बाकीवरचा दर क्ष काढायची कामचलाऊ रीत, हप्त्यांची संख्या 'न' मानून:

क्ष = 2 × न × फ्लॅट दर ÷ (न + 1) = 2 × 24 × 10 ÷ 25 = 19.2

ही रीत थोडं जास्त दाखवते. नेमका दर वर्षाला 18.2 टक्क्यांच्या आसपास. तुलनेला पुरे. प्रोसेसिंग फी 2,000 कापून हातात 98,000 च आले तर दर आणखी चढतो. म्हणून विचारताना 'हप्ता किती' याच्या जोडीला 'हातात किती' हेही विचारा. मुदतीआधी फेडायचं असेल तर उरलेलं व्याज माफ होतं का, ते सहीआधी लेखी घ्या.

मंडळाचा खजिनदार

गणपतीची वर्गणी. खर्च 31,000, मागची शिल्लक 3,000. घरं 40, दुकानं 8, दुकानाला दुप्पट.

40क्ष + 8 × 2क्ष = 28,000
56क्ष = 28,000, क्ष = 500

हे झालं कागदावरचं. सगळे देत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घराचा एक वाटा, दुकानाचे दोन, असे 56 वाटे; त्यातले सहा बुडीत धरून 50 ने भागा, म्हणजे घराला 560, दुकानाला 1,120. पावत्या छापण्याआधी हे करा. एकदा 500 छापलं की वरचे 60 कोणी देत नाही.