दोन लाखांत जुनी गाडी, तीही चालवायला: पद्मिनी की मारुती ८००?

पाचपाखाडीकर:
बाबांनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, विकली तेव्हा मी आठवीत होतो. आता दोन लाख बाजूला काढलेत आणि मला पद्मिनीच हवी आहे. झाकून ठेवायला नाही, महिन्यातून दोनदा घोडबंदरने वसईला सासरी जायला. घरचे म्हणतात ८०० घे. माझ्या मते ८०० जुनी आहे, पण क्लासिक नाही. पद्मिनीत स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा, बॉनेट उघडलं की १०८९ सीसी इंजिनाचा भाग न् भाग डोळ्यांसमोर, आणि मुख्य म्हणजे गाडी आपल्या कुर्ल्यात बनलेली. तुम्ही काय घ्याल?

घणसोलीचा गाडीवान:
८००. पद्मिनी इतकी वर्षं स्वस्तात चालली ती टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. हजारो टॅक्सी होत्या म्हणून ब्रेकचे सिलिंडर, क्लच प्लेट, वॉटर पंप कुठल्याही गल्लीत मिळायचे. गिऱ्हाईकच उरलं नाही तर दुकानदार माल कशाला भरेल? त्या गाडीवर हात बसलेले मिस्त्रीही आता साठीच्या पुढे आहेत. ८०० मात्र १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, आणि तिच्या ७९६ सीसी इंजिनाच्या घराण्यावर मारुतीची ओम्नी व्हॅन २०१९ पर्यंत चालली. तुर्भ्यात कुणीही मिस्त्री उघडून देईल.

आणि क्लासिक नाही कशी? आमच्या चाळीत पहिली गाडी आली ती ८००. अख्खी चाळ ओवाळायला खाली उतरली होती.

पाचपाखाडीकर:
चाळीची आठवण पटली. पण सुटे भाग मिळतात म्हणून गाडी निवडायची, तर मग नवीनच का घेऊ नये? मला ती चालवताना काहीतरी वेगळं वाटायला हवं.

कागदपत्रं आधी:
गाडी कुठलीही घ्या, आरसी (नोंदणीचा दाखला) आधी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. मी एका दलालाच्या शब्दावर गाडी घेतली, नोंदणी कधीच संपलेली होती. दंड आणि हेलपाटे माझ्या वाट्याला आले, तो फोन उचलेनासा झाला. सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर स्वतः कागदाशी ताडून बघा.

५० वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, तो घ्या असंही कुणी सुचवेल. तुम्ही घेऊ नका. ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल किंवा दुरुस्तीपुरती बाहेर काढता येते, रोजच्या वापराला नाही. वसईची सासुरवाडी त्यात बसत नाही.

नेरुळची पद्मिनीवाली:
माझ्याकडे सहा वर्षं पद्मिनी आहे, पाम बीचवर दर रविवारी चालवते. पाचपाखाडीकर, घ्याच. पण दोन लाखांची घेऊ नका. सव्वाची घ्या, पाऊण लाख हाताशी ठेवा.

तो पैसा लागतोच. खाडीच्या हवेने पत्रा खालून सडतो. फ्लोअर, दारांची खालची कड, डिकीत स्टेपनीची जागा, सगळीकडे लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी आहे. इंजिन बांधून घेणं सोपं, सडलेला सांगाडा सावरणं महाग. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरचे वॉशर पहिल्याच महिन्यात बदला. घोडबंदरला गायमुखच्या कोंडीत इंजिन तापेल, कारण पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, गाडी थांबली की वारा कमी. मी वेगळा विजेचा पंखा बसवला. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायची सवय करा.

घणसोलीचा गाडीवान:
ताई, हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. लहान मुलं मागे बसवून, घाटात, सीटबेल्ट नसलेल्या गाडीत? मी बसवणार नाही.

नेरुळची पद्मिनीवाली:
हा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी सीटबेल्ट बसवून घेतले, तरी मुलीला घेऊन हायवेला जात नाही.

पाचपाखाडीकर:
आमची मुलगी चार वर्षांची आहे. वसईला मग बसने किंवा ट्रेनने जाऊ. पद्मिनी माझी आणि बाबांची, पहाटेच्या उपवन तलावाच्या फेरीपुरती. रविवारी वर्तकनगरला एक बघायला जातोय, लोहचुंबक घेऊन. बाबांनाही नेणार आहे. गाडी सुरू केल्यावर आवाज बरोबर आहे की नाही, ते त्यांना कळेल.