हजार रुपयांत नाताळचं झाड सजवायचंय, काय काय करता येईल?

वसईची_सून:
नमस्कार मंडळी, यंदा पहिल्यांदाच भाड्याच्या खोलीत आमचा वेगळा नाताळ आहे आणि मुलीला (पाच वर्षांची आहे) झाड हवंच आहे. सासरी गोठा (येशूजन्माचा देखावा) मोठा करायचे, झाडाची पद्धत नव्हती, त्यामुळे आमच्याकडे झाडाचं काहीच सामान नाही. क्रॉफर्ड मार्केटला जाऊन आले पण बऱ्यापैकी उंचीचं प्लास्टिकचं झाड घेतलं तर त्यातच सगळे पैसे जातात, मग बॉल, माळा, तारा कशाने आणायचा? ह्यांचं काम सध्या कमी आहे म्हणून सगळं मिळून हजारच्या वर जायचं नाही. भिंतीला खिळे मारायला मालक देत नाहीत. झाड साधं चालेल पण बघून पोरीला आनंद झाला पाहिजे, सांगा ना काहीतरी.

सुरूबागेतली_मावशी:
अगं प्लास्टिकचं कशाला, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सुरूच्या झाडाची फांदीच उभी करतात! कुणाच्या वाडीत सुरू असेल तर विचारून एक भरगच्च फांदी घे, किनाऱ्यावरची मात्र तोडू नकोस हां, ती लागवड बहुतेक वनखात्याची असते. जुन्या बादलीत खाली दोन विटा, मध्ये फांदी आणि वरपर्यंत ओली रेती ठासून भर, रेती रोज थोडी भिजवत राहायची, बादलीला बाहेरून जुनी साडी गुंडाळ, खिळा लागतच नाही. फक्त लवकर आणू नकोस, सुरू वाळला की काड्या गळतात, 20 तारखेच्या आसपास आणलीस तर नवीन वर्षापर्यंत छान राहते. आणि गोठा सोडू नकोस बाई, झाडाखालीच छोटा कर, वाटीत माती घालून नाचणी पेर, आठवड्याभरात हिरवंगार गवत येतं, बाळ येशूच्या गव्हाणीभोवती ठेवायला. पेरायचं काम पोरीला दे.

वायरमन_दादा:
ताई, माझं ऐकाल तर पैसे फक्त लाईटवर घाला, बाकी सगळं घरी होतं. रात्री बघणाऱ्याला लाईटच दिसते. जुन्या बारीक बल्बच्या माळा गरम होतात, वाळलेल्या सुरूवर त्या अजिबात नको, एलईडीच घ्या, त्यातही यूएसबीवाली मिळाली तर बेस्ट, मोबाईलच्या चार्जरवर चालते, पाच व्होल्टच असतात म्हणून लहान मूल घरात असेल तर मला तीच बरी वाटते. दिवाळीची माळ घरात पडली असेल तर आधी ती लावून बघा, तेवढेही पैसे वाचतील. आणि माळ सगळ्यात आधी लावायची, सजावट नंतर. लोक बाहेरून नुसती गुंडाळतात त्यामुळे झाड चपटं दिसतं, तुम्ही बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत न्या आणि परत आत आणा, म्हणजे आतून उजेड येतो. झोपताना आणि बाहेर जाताना प्लग काढायचा, हे मात्र विसरू नका.

नागपूरची_रोझी:
आमच्याकडे या दिवसात संत्री स्वस्त, आम्ही पातळ गोल चकत्या कापून कडक उन्हात जाळीखाली वाळवतो, मग दोऱ्यात ओवून टांगतो. मागे लाईट असली की चकती इतकी सुंदर चमकते की बॉलची आठवण येत नाही. पण वसईच्या दमट हवेत बुरशी धरेल अशी भीती वाटते म्हणून तू मिठाच्या पिठाचे दागिने कर. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, लागेल तसं पाणी (साधारण पाऊण ते एक वाटी), घट्ट मळायचं, लाटून वाटीने नाहीतर झाकणाने गोल, तारे कापायचे आणि ओलं असतानाच स्ट्रॉने भोक पाडायचं, वाळल्यावर पाडलं तर तुटतं. पूर्ण वाळले की रंग आणि वरून फेविकॉलचा पातळ हात, म्हणजे मीठ दमट हवेत पाणी सोडत नाही. मुलांना यात जो आनंद मिळतो ना, तो आणलेल्या वस्तूत नाही. माझी मुलं अजून आपापला तारा शोधून टांगतात.

जुनं_ते_सोनं:
रोझीताईंशी सहमत. हे काचेचे बॉल येण्याआधी जर्मनीत झाडाला सफरचंदं, अक्रोड, कागदाची फुलं असंच बांधायचे. काचेचे बॉल तिथल्या लाउशा गावातले, आणि त्यांची आख्यायिका अशी की एका गरीब काच कारागिराला सफरचंद-अक्रोड परवडेनात म्हणून त्याने 1847 च्या सुमारास ते काचेचे फुंकले. म्हणजे तंगीतूनच निघालेली सजावट आहे ही, तुम्ही अजिबात कमीपणा वाटून घेऊ नका. ताऱ्यासाठी बांबूच्या कामट्यांचे दोन त्रिकोण उलटसुलट बांधा आणि वर पतंगी कागद चिकटवा. संक्रांतीसाठी तो डिसेंबरातच दुकानात यायला लागतो.

वसईची_सून:
सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच धीर आला! दिवाळीची माळ आहे, आजच लावून बघते. शेजारच्या वाडीतल्या काकांनी फांदी द्यायचं कबूल केलंय. मावशी, नाचणी कधी पेरू? आणि झाड कधी काढायचं असतं?

सुरूबागेतली_मावशी:
15 च्या सुमारास पेर, रात्रभर भिजवून. गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत ठेव, पण फांदी आधीच कोरडी पडली तर लाईट उतरवून टाक, उगाच धोका नको. दागिने बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून ठेव, पुढच्या वर्षी लागतीलच.