कानाच्या कॅप्सूल एकत्र मागवायच्या का? (घोडबंदर रोड, सोसायटी ग्रुप)

ए-६०३ काकू, सकाळी ७:४८
सुप्रभात. कालपासून कानाच्या कॅप्सूलची जाहिरात फिरतेय, तीन महिन्यांत पहिल्यासारखं ऐकू येतं म्हणतात. ह्यांच्यासाठी मागवतेय. सहा बाटल्या एकदम घेतल्या तर स्वस्त पडतात. अजून कोणाला हव्यात का?

बी-२०४, ७:५५
काकू, माझी एक धरा. उजव्या कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज चालू असतो, झोप लागत नाही.

सी-११०२ मेधाताई, ८:०३
काकू, ऑर्डर आत्ताच देऊ नका, प्लीज. बाटलीवर काय काय लिहिलंय त्याचा फोटो टाका. आणि काकांची कानाची तपासणी शेवटची कधी झाली?

ए-६०३ काकू, ८:२१
तपासणी कधीच नाही गं. वयानं होतंच म्हणून सोडून दिलं. पण गेल्या रविवारी जांभळी नाक्यावर शेवग्याच्या शेंगा घेतल्या. भाजीवाली म्हणाली साठ, ह्यांनी दहाची नोट दिली आणि दोन रुपये परत मागत उभे राहिले. चार माणसं बघत होती. घरी आल्यापासून बाजारात यायलाच तयार नाहीत. म्हणून म्हटलं काहीतरी करूया. फोटो टाकलाय.

सी-११०२ मेधाताई, ८:४०
काकू, वाचून वाईट वाटलं. काकांना सांगा, यात त्यांची काही चूक नाही. वयानुसार कमी होतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ हे त्यातलेच. ‘साठ’मधला स गेला की कानावर ‘आठ’च पडतं. म्हणून घरात आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही.

आता कॅप्सूलचं. आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी एका कानात साधारण १५,००० असतात, जन्मताच मिळतात तेवढ्याच. पक्ष्यांमध्ये मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात, आपल्यात येत नाहीत. त्या परत उगवणारी कॅप्सूल आज कुठेच मिळत नाही. मग ‘पहिल्यासारखं’ कशाच्या जोरावर लिहितात?

आणि तुमच्या फोटोत तिसऱ्या ओळीत गिंको आहे, म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क. काका अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायची गोळी घेतात ना? त्या गोळीबरोबर गिंको घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी देऊ नका.

डी-३०१ दादा, ८:५२
मेधाताई, मग खाण्याचा कानाशी काहीच संबंध नाही का? आमच्या चेंदणी कोळीवाड्यात आजी म्हणायची, बांगडा खाणाऱ्याचे डोळे-कान शाबूत राहतात.

सी-११०२ मेधाताई, ९:१०
संबंध आहे दादा, आणि आजींचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेत हजारो नर्सेसच्या आहारावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०१४ साली त्यातून दिसलं की आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा मासे खाणाऱ्या बायकांमध्ये, मासे क्वचितच खाणाऱ्यांपेक्षा, ऐकू कमी येण्याचं प्रमाण सुमारे २०% कमी होतं. ते माशांमुळेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण बांगडा, तारली ताटात असण्यात फायदाच आहे.

आतल्या कानाला रक्त एकाच बारीक रक्तवाहिनीतून मिळतं, दुसरी पर्यायी वाट नाही. म्हणून शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल बिघडलं की कानालाही झळ बसते. मधुमेह असलेल्यांमध्ये ऐकू कमी येणं इतरांच्या जवळपास दुप्पट आढळलंय. म्हणजे कानासाठी खायचं ते हृदयासाठी खायचं तेच. ज्वारी-बाजरी, नाचणी, मोड आलेले मूग, चवळी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे.

गोळ्यांवरही प्रयोग झालेत. हॉलंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सातशेवर वयस्कर माणसांना तीन वर्षं रोज ८०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड दिलं. खालच्या पट्टीतलं ऐकणं कमी होण्याचा वेग मंदावला, पण फरक किती? ०.७ डेसिबल. कानाला कळणारही नाही इतका. शिवाय तिथे पिठात फोलिक ॲसिड मिसळत नाहीत, म्हणजे कमतरता असलेल्या माणसांत एवढा फरक पडला. इस्रायलमध्ये सैनिकांना प्रशिक्षणाच्या काळात मॅग्नेशियम दिलं तेव्हा गोळीबाराच्या आवाजानं होणारं नुकसान कमी झालं. तेही इजा होण्याआधी दिलं होतं, झालेली इजा भरून काढायला नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की शरीरात काही कमी असेल तर ते भरून काढावं. कमी नसताना गोळ्या घेऊन कान सुधारत नाही.

ए-६०३ काकू, ९:१८
कमी आहे हे कळणार कसं पण?

सी-११०२ मेधाताई, ९:२६
रक्त तपासून. काकांचं बी-१२ आधी बघा. तुमच्याकडे शुद्ध शाकाहार, आणि काका बारा-तेरा वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात. ती गोळी बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. दूध, दही, ताक, पनीर यातून मिळतं, पण कमतरता जास्त असेल तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतात. नसांसाठी ते गरजेचंच आहे. कानाला किती उपयोग होईल हे मी आधी सांगणार नाही. हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघून घ्या.

बी-२०४, ९:३१
आणि माझ्या रातकिड्यांचं काय ताई? त्या बाटलीत झिंकही आहे म्हणे.

सी-११०२ मेधाताई, ९:४४
अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेनं २०१४ सालीच स्पष्ट लिहिलंय की कानातल्या आवाजासाठी गिंको, मेलाटोनिन, झिंक किंवा इतर पूरक गोळ्या सुचवू नयेत. तुमचा आवाज एकाच कानात आहे, तो अंगावर काढू नका. याच आठवड्यात ईएनटीला दाखवा. कधी नुसता मळ निघतो, कधी त्यामागे दुसरं कारण असतं.

हे मी एवढं जीव तोडून का लिहितेय तेही सांगते. माझ्या सासूबाई गावी होत्या. एका सकाळी उठल्या तर डावा कान पूर्ण बंद. औषधाच्या दुकानातून कोणीतरी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, आठ दिवसांत उघडेल म्हणून सांगितलं. मला त्रास नको म्हणून त्यांनी फोनवर अवाक्षर काढलं नाही. ठाण्याला आल्या तेव्हा तीन आठवडे उलटले होते. अचानक कान गेला तर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावे लागतात. मी रोज इतरांचे कान तपासते आणि माझ्या घरच्या माणसाची वेळ निघून गेली. आजही त्या माझ्या डाव्या बाजूला बसतात, उजवा कान माझ्याकडे यावा म्हणून. असं कोणाचं झालं तर रात्र असली तरी मला उठवा.

बी-५०१, ९:५८
ताई, मुलगा रोज चार तास इयरफोन लावून गेम खेळतो. बदाम देतेच मी.

सी-११०२ मेधाताई, १०:०२
बदाम द्या, पण आवाजही कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा घालता येते, संध्याकाळी या, करून देते.

ए-६०३ काकू, ११:३५
ऑर्डर दिली नाही. ह्यांना साठ-आठचं समजावलं, तेव्हा म्हणाले, म्हणजे डोकं नाही बिघडलं माझं? बराच वेळ नुसते बसून राहिले. शनिवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे, ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याची चाचणीही तिथेच होईल. सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर नेऊ ना?

सी-११०२ मेधाताई, ११:४१
हो काकू, सगळ्या न्या, शुगरची फाईलसुद्धा. तोवर कानात तेल घालू नका. आणि मशीन लावा म्हणाले तर काकांना नाही म्हणू देऊ नका, मी स्वतः येऊन बसवून देईन.

डी-३०१ दादा, ११:४४
काकू, शनिवारी गाडी माझी. सव्वादहाला खाली या.