मणक्याच्या दुखापतीनंतरचा ताठा आणि जळजळ: पेशी टोचून घ्याव्यात का?

फिजिओ_३७
टी-१० ची (छातीमागच्या दहाव्या मणक्याची) दुखापत, दीड वर्ष झालं. पाय एकाएकी ताठतात, कमरेखाली जळजळ. ताठ्यासाठी बॅक्लोफेन दिवसाला ६० मिग्रॅ, शिवाय जळजळीसाठी प्रेगाबालिन. एक क्लिनिक अस्थिमज्जेतल्या मूळपेशी कमरेतून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायला तयार आहे, आधार म्हणून कॅलिफोर्नियाच्या उंदरांवरचे प्रयोग दाखवतं. दोन्ही एकच का?

गाबावाला
मुळीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१२ च्या प्रयोगात उंदराच्या गर्भाच्या मेंदूतल्या एमजीई नावाच्या भागातल्या पेशी थेट मज्जारज्जूत टोचल्या होत्या. या पेशी पुढे गाबा (चेतासंदेश शांत करणारं रसायन) सोडणाऱ्या चेतापेशी होतात, म्हणजे दुखापतीने ढिला पडलेला ब्रेक परत बसवतात. नस दुखावल्यावर नुसत्या स्पर्शाने होणारी वेदना गेली. सुजेच्या वेदनेवर मात्र काही फरक पडला नाही. २०१६ मध्ये मानवी भ्रूणातल्या मूळपेशींपासून तशाच पेशी बनवून मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांत टोचल्या. वेदना आणि मूत्राशयाचा ताठा उतरला. मूत्राशयाचा, पायांचा नव्हे! जाहिरातीत नेमकं हेच गळतं.

अस्थिमज्जेतल्या पेशी गाबाच्या चेतापेशी होत नाहीत, आणि पाण्यात सोडलेली पेशी मज्जारज्जूत जाऊन जोडणी करत नाही.

नियमावली
आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) क्रमांक मागा, संकेतस्थळावर स्वतः तपासा. चाचणीच्या नावाखाली पैसे मागत असतील तर तिथेच थांबा. "आपल्याच पेशी, धोका काय?" हे ऐकवतीलच. दुसऱ्याच्या पेशी घेतल्यावर काय होतं तेही ठाऊक असू द्या: चीन, अर्जेंटिना, मेक्सिकोत अशी इंजेक्शनं घेतलेल्या एका पक्षाघाताच्या रुग्णाच्या मणक्यात गाठ वाढली, ती दात्याच्या पेशींची निघाली (२०१६).

वॉर्ड_नंबर_४
आधी बघा ताठा वाढवतंय काय: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, वाकलेली कॅथेटरची नळी, आत वळलेलं नख. यातलं एक सुटलं तरी डोस न वाढवता फरक दिसतो.

बॅक्लोफेन कोणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका. झटके, भास, प्रचंड ताप येऊ शकतो. ६० वर भागत नसेल किंवा गुंगी येत असेल तर बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडणाऱ्या पंपाची चाचणी विचारा: त्या पाण्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम देतात, पुढचे काही तास अ‍ॅशवर्थ (ताठ्याची मोजपट्टी) मोजतात. ताठा एकाच स्नायूगटात असेल तर बोटुलिनमचं (स्नायू सैल करणारं) इंजेक्शन पुरतं. जळजळीवर मात्र पंपाची फार आशा ठेवू नका, तो प्रामुख्याने ताठ्यासाठी.