विषय: ट्रंकेत सापडलेली डिस्नेची तिकिटं

सर्वांना नमस्कार,

चवथीआधी घर झाडायला काढलं आणि माळ्यावरच्या ट्रंकेत डिस्नेचं पाकीट सापडलं. ऑरलँडो सोडून आम्ही फोंड्याला परतलो तेव्हापासून ते तसंच पडून होतं. वाळवी लागली नाही हेच नशीब. आत २००३ सालची पाच दिवसांची दोन पार्क हॉपर, म्हणजे एकाच दिवशी वेगवेगळ्या पार्कांत जाता येणारी तिकिटं, एकदाही न वापरलेली. तिसरं ह्यांचं. त्यातले तीनच दिवस झाले, मग छातीत दुखायला लागलं आणि पुढे जाणं झालंच नाही. शिवाय सासऱ्यांचं १९७८ मधलं, तिथल्या पाळण्यांच्या कुपनांचं पुस्तक.

लेक डिसेंबरात नातीला घेऊन तिकडे जाते आहे. शेजारचा मुलगा म्हणतो, सगळं ऑनलाइन विकून टाका. मन होत नाही. काय करावं?

माई, कवळे

————

माई, विकू नका, आणि टाकू तर मुळीच नका.

ती दोन न वापरलेली तिकिटं अजून चालतात. तेव्हाच्या तिकिटांना मुदत नसायची. २००५ च्या जानेवारीत नवी पद्धत आली आणि मुदत चिकटली. ती नको असेल तर जास्तीचे पैसे भरावे लागत, २०१५ मध्ये तीही सोय गेली. लेकीला मूळ तिकिटंच बरोबर द्या, फोटोवर भागणार नाही. गेटाजवळच्या गेस्ट रिलेशन्सच्या, म्हणजे पाहुण्यांच्या मदतीच्या, खिडकीवर ती बदलून नवं कार्ड देतात. तारीख नसलेल्या तिकिटावर कुठल्या दिवशी कुठल्या पार्कात जाणार त्याचं आरक्षण मात्र आधी करायला लागतं, डिसेंबरात तर लवकरच.

इतरांसाठीही लिहितो: मुदत संपलेलं पण कोरं तिकीट असेल, तर तेव्हा भरलेले पैसे नव्या तिकिटाच्या किमतीतून वजा होतात. रोख परत मिळत नाही.

भाऊंचं तिकीट वेगळं. एकदा वापरलं की उरलेले दिवस त्याच माणसाचे. ते लेकीला किंवा नातीला चालणार नाही, आणि अर्धवट वापरलेलं बहुदिवसीय तिकीट विकणं फ्लोरिडात कायद्याने गुन्हा आहे. भाऊंबरोबर त्या तीन दिवसांत मीही होतो, माई. ते तुमच्यापाशीच राहू दे.

दादा, किसिमी

————

माई, तिकिटांचे फोटो कुठेही टाकू नका. मागचा नंबर दुसऱ्याच्या हाती लागला तर पंचाईत. कुपनं १९८२ मध्ये एपकॉट हे डिस्नेचं तिथलं दुसरं पार्क उघडलं तेव्हा बंद झाली, संग्राहक ती आवडीने जपतात. लॅमिनेट मात्र करू नका, उष्णतेने कागदाचं कायमचं नुकसान होतं. गोव्याच्या पावसात गोदरेजच्या कपाटात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा.

वहिनी, टॅम्पा

————

दादा, वहिनी, खूप बरं वाटलं. दोन तिकिटं लेकीच्या पासपोर्टाच्या पाकिटात घातली. ह्यांचं देवघराच्या खणात ठेवलंय.

पुस्तक आज नीट उघडून पाहिलं. ए, बी ची कुपनं तशीच आहेत. ई ची, म्हणजे सगळ्यांत मोठ्या पाळण्यांची, एकही शिल्लक नाही. सासरे घरात फार कडक, आमच्यासमोर कधी मोठ्याने हसलेसुद्धा नाहीत. ते स्पेस माउंटनमध्ये, त्या अंधारातल्या रोलर कोस्टरमध्ये, बसले असतील का? घरी कुणालाच बोलले नव्हते.

माई